जुना जपानी अ‍ॅम्प्लिफायर आधी ‘लावून’ पाहू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वाद्यसामग्रीचा संग्रह करणाऱ्या तरुणांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली पंचविशीतली मुले साठ वर्षांपूर्वीचे जपानी व्हॉल्व्हचे (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचे) गिटार अ‍ॅम्प्लिफायर हुडकतात, गोव्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून ते खाली उतरवतात, प्रसंगी थेट जपानमधून मागवतात, ही गोष्ट माझ्यासारख्या जुन्या रेडिओ मेकॅनिकला सुखावणारीच आहे. परंतु लेखाबरोबरच्या चौकटीत नवशिक्यांना जो सल्ला दिला आहे, त्यात पहिलेच वाक्य असे आहे की, असा अ‍ॅम्प्लिफायर हाती आल्यावर आधी प्लग लावून तो चालू होतो का ते पाहावे आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. कालपरवा दुकानातून आणलेल्या मिक्सरला हा सल्ला शोभेल. जपानी व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या बाबतीत तो कोणी तंतोतंत पाळला, तर पाच मिनिटांत वस्तू हातची जाईल, आणि वेळ वाईट असेल तर माणूसही.

पहिली गोष्ट विजेच्या दाबाची. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३०ची. तिथल्या बाजारासाठी बनलेला अ‍ॅम्प आपल्या भिंतीवरच्या सॉकेटला सरळ जोडला, की त्याच्या मेन ट्रान्स्फॉर्मरमधून निघणारा प्रत्येक दाब दोन पूर्णांक तीन पट होऊ पाहतो. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला, म्हणजे तो तापवणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट हवे असतात, तिथे साडेचौदा जातात. २५० व्होल्टच्या एच.टी.च्या, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या उच्च दाबाच्या, जागी पावणेसहाशेच्या आसपासचा दाब उभा राहतो, आणि तो आकडा गाठण्याआधीच ट्रान्स्फॉर्मरचा गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरून वाइंडिंग तापू लागते. फ्यूज वेळेवर उडाला तर ठीक. पण आधीच्या कोणा शहाण्याने फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली असते, हा माझा अनुभव जवळजवळ नियमासारखा आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. खडेबाजारात वडिलांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. मी विशीत असताना बोटीवर काम करणाऱ्या एका गोवेकराने जपानी बंदरातून आणलेला एक छोटा अ‍ॅम्प लग्नाच्या बँडात वाजवणाऱ्या त्याच्या भाच्याने आमच्याकडे आणून ठेवला. तक्रार किरकोळ होती, आवाज खरखरत असे. वडील जेवायला घरी गेले होते आणि मला माझी हुशारी दाखवायची होती. मी प्लग लावला. व्हॉल्व्ह एकदम असे पांढरेशुभ्र उजळले की मला वाटले, वा, काय ताकदीचा अ‍ॅम्प आहे. तेवढ्यात ट्रान्स्फॉर्मरमधून डांबर वितळल्याचा वास आला आणि चॅसीच्या, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, कडेने काळा ओघळ टेबलावर उतरला. मागच्या बाजूला नखाएवढ्या पत्र्यावर १०० व्ही असे कोरलेले होते. ते मी आधी वाचले होते आणि शंभर वॅट असा अर्थ लावून मनोमन थक्कही झालो होतो! वडील परतले ते वास घेतच दुकानात शिरले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी वही काढली, गिऱ्हाइकाच्या नावापुढे “ट्रान्स्फॉर्मर जळाला, चूक आपली” असे लिहिले आणि जळका ट्रान्स्फॉर्मर माझ्या पुढ्यात ठेवून तो वेढे मोजत उलगडायला सांगितले.

त्या शिक्षेत मी जे शिकलो ते आजही उपयोगी पडते. फिलामेंटच्या जाड तारेचे २५ वेढे निघाले. ६.३ व्होल्टला २५ वेढे, म्हणजे एका व्होल्टला जवळपास चार. यावरून २३० व्होल्टच्या प्राथमिक वाइंडिंगला सुमारे ९१३ वेढे लागतील हा हिशेब वडिलांनी बिडीच्या पाकिटावर केला, आणि उद्यमबागेत पंपाच्या मोटारी बांधणाऱ्या एका कानडी कारागिराने दोन दिवसांत तो ट्रान्स्फॉर्मर नव्याने बांधून दिला. अ‍ॅम्प पुढे वर्षानुवर्षे लग्नांत वाजला, तेही सरळ २३० व्होल्टवर. परंतु आजच्या संग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे मूळ हृदय त्या दुपारी माझ्या हातून गेले, ते गेलेच.

यावर उपाय सोपा आहे असे कोणी म्हणेल. बाजारात २३०चे ११० करणारे ट्रान्स्फॉर्मर मिळतात. ते अमेरिकन वस्तूंसाठी असतात, जपानी नव्हे. ११० व्होल्टवर फिलामेंटला ६.३च्या जागी ६.९ जातात, जे व्हॉल्व्ह कसेबसे सोसतो. पण आपल्या भागात पहाटे, शेतीपंप बंद असताना, भिंतीतला दाब २५०पर्यंत चढलेला मी स्वतः मीटरवर पाहिला आहे, आणि तेव्हा तोच ट्रान्स्फॉर्मर ११० नव्हे, जवळपास १२० व्होल्ट देतो. मग फिलामेंटवर साडेसात. अशा अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह वर्षभरात बसतात आणि मुले व्हॉल्व्ह विकणाऱ्याला शिव्या घालतात. म्हणून वाइंडिंगवाल्याकडून नेमका १०० व्होल्टचा, आणि तोही दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्स्फॉर्मर बांधून घ्यावा. एकाच वाइंडिंगला टॅप काढलेला स्वस्तातला ऑटो ट्रान्स्फॉर्मर घेऊ नये, कारण तो दाब उतरवतो पण भिंतीतल्या विजेपासून माणसाला वेगळे करत नाही. आणखी एक बारकावा आहे. जपानच्या पूर्व भागात, तोकियोकडे, वीज ५० सायकलची आणि पश्चिमेला, ओसाकाकडे, ६०ची असते. पाटीवर ५०/६० लिहिलेले असेल तर चिंता नाही. नुसते ६० असेल तर आपल्या ५० सायकलवर तो ट्रान्स्फॉर्मर मुळातच जास्त तापणार, हे धरून चालावे.

दाब बरोबर केला तरी ‘लावून पाहणे’ निर्धोक होत नाही. या अ‍ॅम्पमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे डबे, साठ वर्षांचे असतात. आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वीज न मिळाल्याने विरत जातो, आतला ओलावा सुकतो, आणि अशा कंडेन्सरवर एकदम पूर्ण दाब आला की तो शॉर्ट होतो किंवा फुटतो. जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्ह (ए.सी.ची डी.सी. करणारा) आणि मेन ट्रान्स्फॉर्मर यांना सोबत नेतो. त्याहून कपटी प्रकार कपलिंग कंडेन्सरचा, म्हणजे एका व्हॉल्व्हचा आवाज पुढच्याकडे जाऊ देणाऱ्या पण डी.सी. दाब अडवणाऱ्या कंडेन्सरचा. मेण लावलेल्या कागदाचा हा कंडेन्सर खानापूर-जांबोटीच्या पावसाळ्यात वर्षानुवर्षे दमट हवा पीत राहिला की थोडासा गळू लागतो. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा धन दाब पुढच्या, स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीवर, झिरपतो आणि तो व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर करंट ओढू लागतो. आवाज येत असतो, गिटार छान वाजत असते, मालक खूश असतो, आणि मागे व्हॉल्व्हची प्लेट निखाऱ्यासारखी लाल होत आउटपुट ट्रान्स्फॉर्मर भाजत असतो. लेखातल्या सल्ल्याप्रमाणे हा अ‍ॅम्प “चालू होतो” या सदरात पास झाला असता.

आमच्या दुकानात रीत अशी होती. आधी अ‍ॅम्प उघडायचा, उंदराची घरटी आणि झुरळांची अंडी काढायची, मग डोळ्यांनी पाहायचे, मग नाकाने. त्यानंतर मीटरने प्रत्येक रेझिस्टर मोजायचा, कारण जुने कार्बनचे रेझिस्टर वय झाले की वाढतात आणि एक लाख ओहमचा दीड लाखावर गेलेला सर्रास सापडतो. स्पीकर जोडलेला आहे ना ते पाहायचे. भाराविना अ‍ॅम्प चालवणे म्हणजे आउटपुट ट्रान्स्फॉर्मरला मारणे. आणि मग पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज लॅम्पमधून, म्हणजे अ‍ॅम्पच्या वाटेत ६० वॅटचा साधा बल्ब ठेवून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि नुकसान बल्बाच्या उजेडापलीकडे जात नाही. (या कामाला एल.ई.डी. बल्ब चालत नाही, तारेचाच लागतो, आणि तो आता मिळेनासा झाला आहे. माझ्याकडे सहा शिल्लक आहेत, ते मी कोणालाही देत नाही.) दोन-तीन तास असे मंद दाबावर ठेवले तर काही कंडेन्सर पुन्हा धरतात, जे धरत नाहीत ते बदलायचे. कपलिंग कंडेन्सर तपासायला आउटपुट व्हॉल्व्ह काढून ग्रिडच्या पिनवर मीटर लावायचा, तिथे धन व्होल्ट दिसले तर कंडेन्सर गळतो आहे, यात दुसरा विचार नाही.

आता माणसाच्या जिवाविषयी. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गायलेल्या प्रत्येकाला माइकचा झटका ओठाला बसलेला असतो, आणि माइकला रुमाल बांधणे हा आपल्याकडचा त्यावरचा पिढीजात उपाय आहे. गिटारवाल्याला रुमालाची सोय नाही. त्याच्या दोन्ही हातांची बोटे पोलादी तारांवर असतात आणि त्या तारा गिटारवरच्या ब्रिजमार्फत आणि केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात. जुन्या जपानी अ‍ॅम्पना दोन पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नसते, आणि बऱ्याचदा विजेच्या एका तारेपासून चॅसीला एक छोटा कंडेन्सर जोडलेला असतो. तो गळू लागला की चॅसी, म्हणजे गिटारची तार, जिवंत होते. तो कंडेन्सर काढून तीन पिनांची वायर घालणे आणि अर्थ चॅसीला घट्ट आवळणे ही दुरुस्ती मूळपणाच्या नावाखाली कोणीही टाळू नये. काही स्वस्त छोट्या अ‍ॅम्पमध्ये तर मेन ट्रान्स्फॉर्मरच नसतो. ३० किंवा ३५ व्होल्टच्या फिलामेंटचे व्हॉल्व्ह माळेसारखे एकामागे एक जोडून ते सरळ भिंतीतल्या विजेवर चालवलेले असतात. असा अ‍ॅम्प कपाटात शोभेसाठी ठेवावा, किंवा त्याच्यापुढे दोन वाइंडिंगचा ट्रान्स्फॉर्मर कायमचा बसवावा. आणि प्लग काढला म्हणून हात घालू नये. कंडेन्सर भरलेले असतात, ते रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरने खात्री करावी लागते. उघड्या चॅसीत काम करताना दुसरा हात खिशात ठेवावा, असा जगभरच्या मेकॅनिकांचा दंडक आहे. वडील धोतर नेसत आणि धोतराला खिसा नसतो, म्हणून ते डावा हात पाठीमागे ठेवत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, मास्तर मुलांचा अभ्यास तपासत आहेत.

एवढा आटापिटा कशासाठी, हे ज्यांनी तो लेख वाचून प्रथमच या अ‍ॅम्पचे नाव ऐकले त्यांना थोडक्यात सांगितले पाहिजे. गुयाटोन या कंपनीचे मूळ १९३३ सालातले, हवाईयन गिटारीतले. टेइस्को १९४६ साली तोकियोत सुरू झाली. १९६५ साली व्हेंचर्स या अमेरिकन चमूच्या दौऱ्यानंतर जपानी तरुणांत इलेक्ट्रिक गिटारीचे असे वेड पसरले की काही ठिकाणी शाळांनी विद्यार्थ्यांना गिटार वाजवायलाच मनाई केली. एल्क, एस टोन अशी नावे त्याच धामधुमीतली. आणि ही लाट जशी आली तशी ओसरली. टेइस्को १९६७ साली कावाई कंपनीकडे गेली. एस टोन उभी करणारे इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली रोलँड काढली आणि त्या कंपनीचा नाव कमावलेला अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा निघाला. म्हणजे जपानी व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्पचा बहराचा काळ जेमतेम दहा वर्षांचा. त्यानंतर ते अडगळीत गेले. २००६ साली तर तिथल्या विद्युत सुरक्षा कायद्याची सवलतीची मुदत संपत आल्याने, नव्या चिन्हावाचून जुनी यंत्रे दुकानात विकण्यालाच बंदी येणार होती. र्युइची साकामोतो यांच्यासारख्या संगीतकारांनी आवाज उठवल्यावर सरकारने जुन्या वाद्यसामग्रीला त्यातून सूट दिली. त्यातून वाचून इथवर आलेला एखादा नग आपण एका प्लगमध्ये जाळावा का?

या अ‍ॅम्पच्या वयाबद्दलही बरीच थापेबाजी चालते. खानापूर भागातल्या एका मुलाला विक्रेत्याने चॅसीवरचा ४१.६ हा शिक्का दाखवून माल १९४१चा, महायुद्धातला, म्हणून दुप्पट किंमत लावली. ती तारीख जपानी शोवा शकातली होती. त्या आकड्यात १९२५ मिळवले की इसवी सन निघते. म्हणजे अ‍ॅम्प जून १९६६चा, जो जपानी गिटार अ‍ॅम्पचा नेमका भरभराटीचा काळ आहे. मुलगा दुप्पट किंमत देऊन बसला तरी वस्तू खरी होती, एवढेच समाधान.

व्हॉल्व्ह मिळत नाहीत ही तक्रारही बरीचशी नावांच्या घोळातून येते. जपानी कंपन्या अमेरिकन पद्धतीचे क्रमांक वापरत आणि आपल्याकडे युरोपियन पद्धत रुळली. त्या अ‍ॅम्पमधला ६बीएम८ म्हणजे आपला ईसीएल८२, ६बीक्यू५ म्हणजे ईएल८४, १२एएक्स७ म्हणजे ईसीसी८३. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकापासून असे व्हॉल्व्ह बनवले आणि त्यांचे न उघडलेले खोके अजूनही जुन्या दुकानांच्या पोटमाळ्यांवर निघतात. फक्त पहिले अक्षर डोळ्यांत तेल घालून वाचावे. जुन्या टीव्हीतला पीसीएल८२ आणि रेकॉर्ड प्लेअरमधला यूसीएल८२ दिसायला तसेच, पिनाही त्याच, सॉकेटमध्ये बसतातही; पण एकाचे फिलामेंट १६ व्होल्टचे आणि दुसऱ्याचे ५० व्होल्टचे असल्याने ६.३ व्होल्टवर ते धड पेटणारच नाहीत. ‘ई’ म्हणजे ६.३, एवढे लक्षात ठेवले तर पैसे वाचतात.

राहता राहिला प्रश्न किती बदलायचे याचा. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर जुन्या सतारीचे पडदे नवे घालतात, जवारी पुन्हा काढतात, पण भोपळ्याला जपावे तेवढे जपतात. माझे मत त्याच वळणाचे आहे. कंडेन्सर, विजेची वायर, भलतेच वाढलेले रेझिस्टर, एवढे बदलावे. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून, कुठून काढला ते लिहून, अ‍ॅम्पच्या पेटीतच ठेवावा. ट्रान्स्फॉर्मर, स्पीकर, पाटी, समोरचे कापड यांना शक्यतो हात लावू नये. स्पीकरचा कागद फाटला असेल तर पतंगाचा कागद आणि पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद यांनी तो सांधता येतो, आणि तो सांधा कानाला कळत नाही. हल्ली आणखी आवाज, आणखी कडकपणा हवा म्हणून आतले सर्किटच बदलून टाकण्याची हौस दिसते. तसा आवाज नव्या अ‍ॅम्पमधून मिळतो, त्यासाठी १९६६चा अ‍ॅम्प कापू नये. हे सांगताना माझ्या हातून काय जळाले ते मी विसरलेलो नाही.

वर सांगितलेल्या खानापूरकडच्या मुलाचा अ‍ॅम्प सध्या माझ्या टेबलावर आहे. त्याने तो आणल्यापासून एकदाही लावला नव्हता, कारण प्लगच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये जात नव्हत्या आणि अ‍ॅडॅप्टर आणायला त्याला सवड झाली नव्हती. केवळ या आळसामुळे मूळ ट्रान्स्फॉर्मर शाबूत आहे. दोन कंडेन्सर बदलून झाले, तिसऱ्यावर तासाभरापासून बल्ब मंद जळतो आहे. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत अशी आणखी काही यंत्रे माळ्यावरून खाली येतील आणि ज्यांच्या हाती पडतील त्यांच्यापैकी काहींनी तरी आपली ती चौकट कापून ठेवलेली असेल. तेव्हा येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक,
शहापूर, बेळगाव